आपल्या पावसाचा पहिला डेटा सायंटिस्ट: बूमरँगवाला गिल्बर्ट वॉकर

जून उजाडला की आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात सगळ्यांची मान वर असते. उन्हाळ्यात भाजून ठेवलेल्या राबावर भात पेरलेलं असतं. पहिला पाऊस पडतो, हिरवे कोंब दिसतात, आणि मग नेमका पाऊस दडी मारतो. आठ दिवस गेले तर चालतं. पंधरा दिवस गेले की रोपं पिवळी पडतात आणि बियाण्याला परत पैसे मोजावे लागतात. म्हणून हल्ली लोक आभाळाच्या आधी फोनकडे बघतात. ॲपवर ढगाचं चित्र असतं, खाली ७० टक्के लिहिलेलं असतं, आणि बाहेर कडक ऊन!

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे घरी गेलो की हा प्रश्न माझ्याकडे ठरलेला: यंदा पाऊस कसा आहे, आणि तुमचे ते कॉम्प्युटर चुकतात कसे? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी एका माणसापाशी पोचलो. तो हवामानशास्त्र शिकलेला नव्हता. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तरी आज बातम्यांत आपण जे एल निनो, एल निनो ऐकतो, त्याच्या मुळाशी त्याचं काम आहे. त्याचं नाव गिल्बर्ट वॉकर.

एक अंदाज चुकला, आणि साधा नाही

आधी थोडं मागे जाऊ. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. दोनच वर्षांत, १८७७ ला, मान्सूनने दगा दिला आणि दख्खनसकट देशाच्या मोठ्या भागात आधीच असलेला दुष्काळ भीषण झाला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना वाटलं की हिमालयात बर्फ जास्त पडला की त्यानंतरचा मान्सून कमजोर होतो. त्या आधारावर १८८६ पासून अंदाज द्यायला सुरुवात झाली. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी त्यात आणखी बऱ्याच गोष्टी घातल्या आणि अंदाज पानंच्या पानं लांब होत गेले.

मग आलं १८९९. इलियट यांचा अंदाज होता की पाऊस सरासरीपेक्षा जास्त पडेल. प्रत्यक्षात शतकातल्या सर्वात वाईट मान्सूनपैकी एक वाट्याला आला. तलासरीच्या पलीकडे गुजरातेत हा दुष्काळ आजही छप्पनिया म्हणून ओळखला जातो, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होतं. लाखो माणसं गेली. अंदाजावर इतकी टीका झाली की त्यानंतर काही वर्षं सरकारने तो जाहीर करणंच थांबवलं. तो फक्त अधिकाऱ्यांच्या हातात जायचा.

म्हणजे परिस्थिती अशी होती: मॉडेल फेल गेलंय, युजरचा विश्वास उडालाय, आणि इलियट निवृत्त होतायत. आता पुढचा माणूस कोण?

नदीकाठी बूमरँग फेकणारा

वॉकरचा जन्म १४ जून १८६८ चा, इंग्लंडमधल्या रॉचडेलचा. वडील इंजिनिअर. गिल्बर्ट गणितात अफाट हुशार. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि १८८९ ला गणिताच्या परीक्षेत पूर्ण विद्यापीठात पहिला आला. या पहिल्या नंबराला तिथे सीनियर रँग्लर म्हणतात. आपल्याकडे रँग्लर परांजपे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. दहा वर्षांनी, १८९९ ला, त्यांनीही हाच मान मिळवला.

पण या अभ्यासात वॉकरची तब्येत ढासळली. त्याला हवापालटासाठी स्वित्झर्लंडला जावं लागलं आणि तिथे तो बर्फावर स्केटिंग शिकला. त्याला अशा गोष्टींचं वेडच होतं. बासरीतून आवाज नक्की कसा येतो? पक्षी पंख न हलवता कसे तरंगतात? आणि सगळ्यात आवडीचं म्हणजे बूमरँग. केंब्रिजच्या नदीकाठच्या हिरवळीवर तो तासन्‌तास बूमरँग फेकायचा, ते परत का येतं याचं गणित मांडायचा. दोस्तांनी त्याचं नावच बूमरँग वॉकर ठेवलं होतं.

अशा माणसाला १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचं प्रमुख केलं गेलं. हवामानाचा अनुभव जवळपास शून्य. आजच्या भाषेत सांगायचं तर हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बनवायला डॉक्टर न घेता गणितवाला घेतला. पण निवड करणाऱ्यांचा विचार साधा होता. अनुभवी हवामानतज्ज्ञांचा अंदाज आधीच आपटला होता. मान्सून कसा चालतो याची थिअरी तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती. मग निदान आकड्यांना तरी नीट विचारून बघू.

सिमल्यातले माणसांचे कॉम्प्युटर

वॉकर सिमल्याच्या ऑफिसात बसला आणि त्याने जगभरातून डेटा मागवायला सुरुवात केली. हवेचा दाब, तापमान, पाऊस, नाईल नदीचा पूर, हिमालयातला बर्फ, सूर्यावरचे डाग. भारताच्या पावसाचा संबंध दक्षिण अमेरिकेतल्या हवेच्या दाबाशी असेल का, हा प्रश्न तेव्हा विचित्र वाटला असता. वॉकरला तो विचारायला काहीच हरकत नव्हती, कारण आकडे जिथे नेतील तिथे जायचं हे त्याने ठरवलं होतं.

त्याने वापरलेलं हत्यार म्हणजे कोरिलेशन, मराठीत सहसंबंध. तुम्ही गूगल शीट वापरत असाल तर त्यात याचं एका ओळीचं फंक्शन आहे. कल्पना सोपी आहे. दोन रकाने घ्या. एकात दर वर्षीचा मॉरिशसचा दाब, दुसऱ्यात दर वर्षीचा भारताचा पाऊस. एक वाढला की दुसराही तंतोतंत वाढत असेल तर उत्तर येतं +१. एक वाढला की दुसरा तंतोतंत घटत असेल तर -१. काहीच नातं नसेल तर शून्याच्या आसपास.

आज हे फोनवर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होतं. तेव्हा प्रत्येक सहसंबंधासाठी तीस-चाळीस वर्षांचे आकडे घ्यायचे, प्रत्येकातून सरासरी वजा करायची, गुणाकार करायचे, वर्ग करायचे, बेरजा करायच्या, वर्गमूळ काढायचं. सगळं कागदावर. हे काम सिमल्याच्या ऑफिसातल्या भारतीय कारकुनांनी केलं. एक नाही, शेकड्यांनी सहसंबंध. इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा मशीनसाठी नव्हे, आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरत. वॉकरच्या नावाने पुढे वाऱ्याचं चक्र ओळखलं गेलं, समीकरण ओळखलं गेलं. त्या कारकुनांच्या नावाने काहीच नाही. पण ते प्रोसेसर होते, हे विसरायला नको.

यातून १९०९ च्या सुमारास वॉकरने मान्सूनसाठी पहिलं समीकरण बनवलं. त्यात चार इनपुट होते: हिमालयातला बर्फ, मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबारचा पाऊस. प्रत्येकाला एक वजन, सगळ्यांची बेरीज, आणि बाहेर एक आकडा. मशीन लर्निंगचा कुठलाही कोर्स उघडा, पहिल्या धड्यात लिनिअर रिग्रेशन असतं. हे तेच.

खूप शोधलं की काहीतरी सापडतंच

मला वॉकर आवडायला लागला तो इथून पुढे. कारण शेकड्यांनी सहसंबंध काढल्यावर एक मोठा खड्डा समोर येतो, आणि तो त्याला दिसला.

समजा एका शाळेत १००० मुलं आहेत. प्रत्येकाने नाणं दहा वेळा उडवायचं. दहाही वेळा छापा पडायची शक्यता १०२४ मध्ये एक. म्हणजे फार कमी. पण १००० मुलं उडवतायत, त्यामुळे निदान एकाला तरी दहा छापे पडायची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. त्या मुलाच्या हातात काही जादू आहे का? नाही. आपण फक्त खूप लोकांत शोधलं.

पावसाचंही तेच. ३० वर्षांचा डेटा असेल तर ०.३६ च्या वरचा सहसंबंध सहसा खरा मानतात, कारण निव्वळ योगायोगाने तेवढा आकडा यायची शक्यता साधारण ५ टक्के असते. पण तुम्ही १०० रकाने तपासले तर त्यातले पाचेक नुसत्या योगायोगाने ही रेषा ओलांडतील. त्यातला एखादा क्रिकेटच्या धावांचाही असू शकतो.

वॉकरने १९१४ मध्ये याच्यावर पेपर लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शंभरातून सगळ्यात मोठा सहसंबंध निवडला असेल तर त्याला एकट्याची कसोटी लावू नका. शंभर रकान्यांत निव्वळ योगायोगाने सगळ्यात मोठा आकडा किती येऊ शकतो ते आधी काढा, आणि तुमचा आकडा त्याच्याही वर आहे का ते बघा. आज डेटा सायन्सच्या इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न विचारतात आणि निम्मे उमेदवार अडखळतात. मीसुद्धा अडखळलो होतो.

सूर्यावरच्या डागांचंही असंच झालं. त्या काळी बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की डागांवरून पाऊस सांगता येईल. वॉकरने आकडे तपासले आणि त्यात भरवशाचं काही सापडलं नाही. अंदाज देणाऱ्या ऑफिसचा प्रमुख असून लोकांना आवडणारी थिअरी बाजूला ठेवायची, हे सोपं नसतं.

मद्रासचा एक कारकून

मध्येच एक छोटी गोष्ट. फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामासाठी मद्रासला गेला होता. तिथल्या पोर्ट ट्रस्टमध्ये एका तरुण कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्याला दाखवण्यात आल्या. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. शुद्ध गणिताची ती शाखा आपल्या आवाक्याबाहेरची आहे हे वॉकरने मान्य केलं, पण हे काम केंब्रिजच्या तोडीचं आहे एवढं त्याला कळलं. त्याने मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून शिफारस केली. रामानुजनला दरमहा ७५ रुपयांची स्कॉलरशिप मिळाली आणि कारकुनीतून सुटका झाली. हार्डींचं नाव सगळ्यांना माहीत असतं. हवामान खात्याच्या साहेबाचं पत्र फारसं कुणाला माहीत नसतं.

समुद्रावरचा झोका

आता मुख्य शोध. इतक्या सगळ्या सहसंबंधांच्या ढिगात वॉकरला एक आकृती दिसायला लागली. प्रशांत महासागराच्या पूर्वेला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या बाजूला, दाब वाढला की पश्चिमेला, म्हणजे इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि हिंदी महासागराच्या बाजूला, तो घटतो. आणि उलटही. जणू एका फळीवर दोन पोरं बसलीयत, एक वर गेलं की दुसरं खाली. फक्त ही फळी अर्ध्या पृथ्वीएवढी लांब!

१९२४ पर्यंत त्याने याला नाव दिलं: सदर्न ऑसिलेशन. असेच आणखी दोन झोके त्याने उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरावर ओळखले. आज या झोक्याचं मोजमाप ताहिती आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या दाबांतल्या फरकावरून करतात. हा आकडा नेटवर फुकट मिळतो.

पण गंमत अशी, की हा झोका मान्सूनच्या अंदाजासाठी वॉकरला हवा तेवढा उपयोगी पडला नाही. मान्सूनशी त्याचं नातं पक्कं होतं, पण ते बरंचसं पावसाळ्यात आणि त्याच्या नंतर दिसायचं. अंदाज तर आधी द्यायचा असतो. शिवाय त्याच्या समीकरणातले काही सहसंबंध पुढच्या वर्षांत विरून गेले. जुन्या डेटावर पास, नव्या डेटावर नापास. आमच्या धंद्यात ही रोजची रड आहे.

आणि मूळ कारण त्याच्याकडे नव्हतं. झोका आहे हे त्याने दाखवलं. झोका कोण देतं, हे त्याला सांगता आलं नाही. काही जणांनी यावरून टीकाही केली, की कारण माहीत नसताना नुसते आकडे जुळवून काय उपयोग?

उत्तर आलं, पण उशिरा

१९२४ ला वॉकर भारतातून निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याला सर ही पदवी मिळाली. मग दहा वर्षं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तो हवामानशास्त्राचा प्राध्यापक होता. म्हणजे जो विषय तो कधी शिकला नाही, तो त्याने शिकवला. याच काळात, १९३१ मध्ये, कालक्रमाने येणाऱ्या डेटासाठी त्याने केलेलं काम आज यूल-वॉकर समीकरणं म्हणून ओळखलं जातं. आवाजाच्या सिग्नलवर काम करणाऱ्या इंजिनिअरला ती अभ्यासावीच लागतात. बासरी तर शेवटपर्यंत सोबत होती.

४ नोव्हेंबर १९५८ ला, नव्वदाव्या वर्षी, तो गेला. त्याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, जगभरच्या देशांनी मिळून पृथ्वीची मोजमापं घेण्याचा एक मोठा कार्यक्रम चालवला होता. योगायोगाने नेमका त्याच काळात एक जोरदार एल निनो आला, म्हणजे पेरूच्या बाजूचा समुद्र नेहमीपेक्षा बराच तापला. पहिल्यांदाच समुद्र आणि हवा या दोघांचा इतका डेटा एकत्र हाती आला.

तो डेटा घेऊन याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात कोडं सोडवलं. नेहमी विषुववृत्तावरचा वारा गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतो. तिथे हवा वर चढते, पाऊस पडतो, आणि ती हवा वरून परत जाऊन दक्षिण अमेरिकेच्या बाजूला खाली उतरते. एक मोठं चक्र. एल निनोच्या वर्षी वारा मंदावतो, गरम पाणी मध्य प्रशांताकडे सरकतं, हवा वर चढायची जागाही सरकते, आणि आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली दाबली जाते. हवा खाली येत असेल तर ढग वाढत नाहीत. वॉकरच्या झोक्याचा धक्का समुद्राचा होता. ब्यर्कनेसने १९६९ मध्ये या चक्राला नाव दिलं वॉकर सर्क्युलेशन. वॉकरला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

सिमल्याहून पुण्याला

पुण्याला शिवाजीनगरमध्ये सिमला ऑफिस चौक आहे. तिथून रोज हजारो लोक जातात आणि पुण्यात सिमला कुठून आलं हा प्रश्न क्वचितच कुणाला पडतो. उत्तर हेच. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि त्या इमारतीला लोक सिमला ऑफिस म्हणायला लागले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, पण मान्सूनच्या लांबच्या अंदाजाचं काम पुण्यातच राहिलं.

वॉकरची पद्धतही राहिली. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ घटकांचं मॉडेल बनवलं. ते सहसंबंधांवरच उभं होतं आणि बरीच वर्षं चाललं. मग २००२ ला अंदाज होता १०१ टक्के, आणि पाऊस पडला ८१ टक्के. १८९९ ची आठवण व्हावी असं. त्याआधी १९९७ ला उलटं झालं होतं. एल निनो प्रचंड होता, सगळे घाबरले होते, आणि मान्सून सरासरीच्या १०२ टक्के पडला. एल निनो आला म्हणजे दुष्काळ पक्का, असं नाही. शक्यता वाढते, इतकंच.

आता अंदाज नुसत्या जुन्या आकड्यांवर चालत नाही. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही संस्था आहे. तिथल्या अर्क या सुपर कॉम्प्युटरवर हवा आणि समुद्राची भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवली जातात. २०२५ पासून वापरात आलेलं भारत फोरकास्ट सिस्टम देशाचे साधारण ६ किलोमीटरचे चौकोन करून अंदाज काढतं. वॉकरचा एक आकडा अर्ध्या देशासाठी आणि पूर्ण पावसाळ्यासाठी असायचा. तलासरीच्या शेतकऱ्याला तो कळला असता तरी काय उपयोग? त्याला मोसमाची बेरीज नको असते. त्याला पुढचे दहा दिवस हवे असतात. चौकोन लहान होण्याचा अर्थ हा आहे.

हे काम तुम्हाला करायचंय?

वॉकरकडे बघून एक कळतं: या क्षेत्रात यायला वेगवेगळे दरवाजे आहेत. फिजिक्स आणि गणित पक्कं हवं, हे खरं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्रात एमएस्सी करता येते, आयआयटीएममध्ये संशोधन करता येतं. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटच्या भरतीत विज्ञानाच्या पदवीधरांबरोबर कॉम्प्युटरवाल्यांनाही संधी मिळालेली आहे. खात्यात लागल्यावर ट्रेनिंग असतं ते वेगळं.

पण सुरुवात आजच करता येते. हवामान खात्याच्या पुणे ऑफिसच्या साईटवर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या, म्हणजे साधारण २७ किलोमीटरच्या, चौकोनांत फुकट मिळतो. डहाणू आणि तलासरी मिळून त्यातले मोजकेच चौकोन येतात. ते उचला, सदर्न ऑसिलेशनचा आकडा शेजारच्या रकान्यात टाका आणि सहसंबंध काढा. सिमल्याच्या कारकुनाला ज्यात दिवस जात असेल ते तुम्ही चहा थंड व्हायच्या आत कराल. मी केलं तेव्हा आमच्या चौकोनाचं नातं माझ्या अपेक्षेपेक्षा बरंच कच्चं निघालं. पूर्ण देशाचा पाऊस आणि आपल्या शिवारातला पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

आणि तो डेटा आला कुठून, हेही लक्षात ठेवा. डहाणूला हवामान खात्याची वेधशाळा आहे. अशा प्रत्येक ठिकाणी रोज सकाळी साडेआठला कुणीतरी पर्जन्यमापकातलं पाणी मोजतं. बातम्यांतला चोवीस तासांचा पाऊस म्हणजे साडेआठ ते साडेआठचा. धो धो पाऊस असो, सुट्टी असो, ती नोंद व्हावीच लागते. एक दिवस हुकला तर तो रकाना कायमचा रिकामा. वॉकरची सगळी हुशारी अशाच नोंदींवर उभी होती, आणि पुण्याचा सुपर कॉम्प्युटरही अशाच नोंदींपासून सुरुवात करतो.

म्हणून घरी आता कुणी विचारलं, की कॉम्प्युटर चुकतात कसे, तर मी सांगतो की शंभर वर्षांपूर्वी एका साहेबाने आपण किती चुकू शकतो हे मोजायला सुरुवात केली. ॲपवरचे ते ७० टक्के म्हणजे तेच मोजमाप आहे. अशा दहा दिवसांपैकी सातेक दिवस पाऊस येतो, तीनेक दिवस येत नाही. राब पेरणाऱ्याने ते तीन दिवस धरूनच बियाणं हातात घ्यावं.